अंगाची हजेरी

घोडेगावात राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी मला वाटलं, आपण पोलीसचौकीच्या शेजारी घर घेतलंय. दिवेलागण झाली होती. मी नव्या चुलीपुढं बसून ओल्या लाकडांना शिव्या देत होते, तेवढ्यात मधल्या भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "डावं पाऊल!" जरा थांबून तोच आवाज, पण हळू, "हजर." पुन्हा मोठ्यानं, "उजवं पाऊल!" "हजर." "डावा गुडघा!" "हजर. पर कुरकुरतोय."

मी फुंकणी हातात घेऊन तशीच बाहेर आले. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, ओट्यावर ट्रंकेची दोरी सोडत बसले होते.

"अहो, शेजारी कोण राहतं?"

"कोंडीराम हवालदार. आमच्याच शाळेत कवायत शिकवतो. लढाईवरून आलाय."

"मग लढाई संपल्याचं त्याला कुणी कळवलेलं दिसत नाही," मी म्हटलं.

सेहेचाळीस साल होतं ते. नगरच्या बाजूला तेव्हा गावोगाव असे परत आलेले लोक दिसायचे. कुणी पाय ओढत चालायचा, कुणी धडधाकट असून दिवसभर पारावर नुसता बसायचा. त्यांना कुणी काही विचारायचं नाही. विचारायचं तरी काय?

आमची मधली भिंत आढ्यापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर मोकळी जागा होती, त्यामुळं इकडची फोडणी तिकडं आणि तिकडची हजेरी इकडं. रोज दिवेलागणीला हवालदार पायापासून सुरुवात करायचा आणि एकेक अवयव हाक मारून वर यायचा. मांड्या, कंबर, पोट, पाठ, छाती. प्रत्येकाला बोलायची मुभा असायची. "पाठ!" "हजर. दुपारी पोरांवर वराडलो तवापास्नं ताठलीया." "छाती!" "हजर. आज हलकी हाय." मला सुरुवातीला हसू यायचं, मग सवय झाली, आणि मग मी वाट बघायला लागले. कारण एका जागी गंमत व्हायची. "गळा!" अशी हाक यायची आणि उत्तरच यायचं नाही. मग तो पुढं जायचा, "कान!" "हजर."

आठवडाभर ऐकून घेतलं आणि एके दिवशी मी भिंतीवरून ओरडले, "भावजी, गळ्याचं काय झालं? रजेवर गेलाय का?"

तो पलीकडून म्हणाला, "न्हाई वैनी. त्यो फरार हाय."

मी मोठ्यानं हसले. तो नाही हसला.

दिसायला कोंडीराम उंच, सडसडीत. खाकी अर्धी चड्डी धुऊन धुऊन पांढरी पडलेली, मिशा मात्र रोज पीळ दिलेल्या. चालताना प्रत्येक पाऊल जमिनीला विचारून टाकल्यासारखं टाकायचा. बायको तो लढाईवर असतानाच तापानं गेली होती, मूलबाळ नव्हतं. दोन भांडी, एक घोंगडी आणि एक पितळी तांब्या एवढा संसार. हे हजेरीचं खूळ कुठून आणलं, असं मी एकदा विचारलं तेव्हा तो घोंगडी झटकत म्हणाला, "पलटनीत रोज सकाळी हजेरी घ्यायचो. घरी आलो तर हजेरी घ्यायला मानसंच न्हाईत. मंग म्हनलं, जी उरलीत त्यांची घिऊ."

"आणि खोटी हजेरी लावता का कधी?"

"पलटनीत लावायची पोरं. एक झोपल्याला असला की दुसरा त्याच्या नावानं ओरडायचा. ह्यात जमत न्हाई ते. तोंड खोटं बोलतं वैनी, अंग न्हाई बोलत."

शाळेतही त्याची तऱ्हा निराळीच. कवायत चालू असताना मध्येच तो मुलांना थांबवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि म्हणायचा, "वजन कुठल्या पायावर हाय ते बगा. बगायचं फकस्त, हलवायचं न्हाई." एकदा शाळातपासणीला डिपोटी साहेब न सांगता आले तर अख्खी शाळा मैदानात डोळे मिटून उभी! साहेबांना वाटलं, कुणीतरी वारलं म्हणून दुखवटा पाळतायत, त्यांनी घाईनं टोपी काढली. मग खरं काय ते कळल्यावर असे भडकले की विचारू नका. "हा काय चावटपणा आहे?"

"साहेब, पोरं आपापल्या पायावर उभी हायेत का बगत्यात," हवालदार म्हणाला.

मास्तरांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फार दिवसांनी मी तशी हसले होते, आणि त्यालाही कारण तोच होता. ते सांगायचं तर माझी गोष्ट मध्ये येते, पण थोडक्यात सांगते.

घोडेगावला यायच्या आधी माझं पहिलं मूल गेलं होतं. बारसंही झालं नव्हतं त्याचं. जो येईल तो मला म्हणायचा, विसर, दुसरं होईल. मी एकदाही रडले नाही, घरच्यांना त्याचं मोठं कौतुक. एक दिवस मी जात्यावर बसले होते आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "वैनी, रागावू नगा. तुमी दात खाता. रातच्याला झोपंत बी खाता, हिकडं ऐकू येतं."

मला असा संताप आला! परक्या पुरुषानं असलं बोलायचं म्हणजे काय? मी ताडकन म्हटलं, "भावजी, तुम्ही तुमची हजेरी घ्या. माझी घ्यायची गरज नाही."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "जबडा सोडून दळा नुस्तं. न्हाई पटलं तर पुन्हा आवळा."

तो गेला कामाला. मी रागारागानं दळत राहिले आणि लक्षात आलं, खरंच की, वरचे दात खालच्यांवर असे रुतलेत की कानशिलं दुखतायत. कधीपासून दुखत होती कोण जाणे. मी जबडा सैल सोडला. एवढंच केलं, दुसरं काही नाही. आणि तिथं, जात्याच्या खुंट्याला धरून, माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. रडता रडता मी खूप बोलले. मला सगळ्यांचा राग आला होता, विसर म्हणणाऱ्या प्रत्येकाचा, देवाचासुद्धा, आणि ते मी कधी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली. म्हणून सांगते, त्या माणसाला कुणी येडा म्हटलं की मला चालायचं नाही.

पण दुसऱ्याचा जबडा सोडवणाऱ्याचा स्वतःचा गळा काही सुटत नव्हता. तो जेवायला बसला की मला इकडं कळायचं. भाकरी दुधात कुस्करून तिची पार पेज करायचा आणि तिच्यापुढं दिवस मावळेपर्यंत बसायचा. घोटभर पाणी प्यायला त्याला डोळे मिटून तयारी करावी लागायची. नगरला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टरनं घशात बत्ती घालून पाहिलं आणि सांगितलं, आत काही नाही. माणूस मात्र दर महिन्याला वाळत चालला होता. कोपरं टोकदार दिसायला लागली, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. मी मास्तरांना म्हटलं, हा असाच चालला तर एक दिवस आपल्याला भिंतीपलीकडं जाऊन बघावं लागेल.

आणि शुक्रवार आला की त्याची आणखीच दैना व्हायची. घोडेगावचा जनावरांचा बाजार शुक्रवारचा. पहाटेपासून बैल, म्हशी, दलाली करणारे हेडे, धूळ, नुसता कालवा. त्या कालव्यातून वाट काढत ठकूआई यायची. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची म्हातारी, काळीसावळी, बुटकी, आवाज मात्र चार माणसांचा. काखेत ताकाचं गाडगं आणि तोंडात हवालदारासाठी शिव्या.

"मुडद्या, काय काडी झालीया तुजी! ह्ये ताक पी. माज्यासमूर पी. मी बगती."

तो "व्हय आई, व्हय आई" करत गाडगं ओठाला लावायचा. ती बघत असायची म्हणून एक घोट घ्यायचा, आणि त्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगायच्या. ती पाठमोरी झाली की घोट चुळीसारखा बाहेर टाकायचा. मी ओट्यावरून बघायचे. ओळख व्हायच्या आधी मला वाटायचं, ही त्याची सख्खी आई असावी.

पहिल्याच ओळखीत म्हातारीनं मला सांगितलं. तिचा एकुलता एक बबन कोंडीरामाच्याच पलटणीत होता, ब्रह्मदेशात गेला. "सरकारची तार आली, मास्तरीनबाई. पर तारंत काय लिवत्यात? मेला म्हनून. कसा मेला, कुनाच्या मांडीवर मेला, कोन सांगनार? ह्यो कोंडिबा आला तवा मी पयलं त्येच इचारलं. म्हनलं, माज्या लेकाच्या तोंडात पानी तरी पडलं का रं? तर ह्यो म्हनला, व्हय आई, म्या पाजलं." तिनं अभिमानानं त्याच्याकडं पाहिलं. "लढाईत मेलेल्या किती जनांच्या नशिबात आसतं वो त्ये? मंग ज्यानं पानी पाजलं त्यो माजा लेकच की."

हवालदार खाली बघत उभा होता. उजव्या हाताची मूठ त्यानं कमरेपाशी अशी घट्ट धरली होती की जणू कुणी काही हिसकावून घेणार आहे.

भाद्रपद आला. आमच्याकडं पितृपक्षात पितर जेवायला घालतात. गेलेल्याच्या जागी एखाद्या माणसाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं. तो जेवला की गेलेला जेवला. हत्यारानं मेलेल्यांचं पितर अवसेच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला. ठकूआईनं बबनच्या पाटावर कोंडीरामालाच बसवलं. दुसरं कोण बसणार? स्वयंपाकाला हात हवा म्हणून मला बोलावलं होतं, त्यामुळं मी डोळ्यांनी पाहिलं. म्हातारीनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, ते पाय पदरानं पुसले, पुढ्यात तांदळाची खीर, वडे, कढी, अळूची भाजी वाढली आणि हात जोडून म्हणाली, "जेव रं माज्या राजा."

तो जेवला. कसा जेवला ते मी सांगू शकत नाही. प्रत्येक घासाला त्याचे डोळे पांढरे व्हायचे. पान रिकामं केलं, उठला, म्हातारीच्या पाया पडला आणि गोठ्यामागं गेला. मी खरकटं टाकायला गेले तेव्हा तो भिंतीला डोकं लावून ओकत होता. आतड्यापर्यंतचं सगळं.

परतताना ओढ्याच्या काठानं आम्ही तिघं चाललो होतो. मास्तर पुढं होते. मी म्हटलं, "भावजी, मला ह्यात बोलायचा अधिकार नाही. पण तुम्हीच म्हणता, अंग खोटं बोलत नाही. मग ते काय बोलतंय ते तुम्ही का ऐकत नाही?"

तो थांबला. ओढ्यातल्या पाण्याकडं बघत म्हणाला, "म्या पानी पाजलं न्हाई वैनी. बबन उगड्यावर पडला हुता. गोळ्यांचा पाऊस. जाता येईना. म्हातारीनं इचारलं आन् तोंडातनं 'व्हय' गेलं. एकच शबुद. त्या शबदावर ती उबी हाय. आता कसा काडून घिऊ?"

मला त्याची दया आली, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. एवढंच ना! गोळ्यांच्या पावसात कोण जातं? म्हातारीच्या समाधानासाठी खोटं बोलला, देव क्षमा करील. मी तसं म्हटलंही. त्यानं मान हलवली. मला वाटलं, बोलून मोकळा झाला, आता गळा सुटेल.

त्या संध्याकाळी मी हातातलं काम टाकून ऐकत बसले. "गळा!" उत्तर नाही. बऱ्याच वेळानं तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला, "अजून हाय म्हनतोय. खाली अजून हाय."

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. तो शाळेत यायचा, पण कवायत बसून घ्यायचा. पंधरा ऑगस्टला शाळेपुढं झेंडा लागला, हवालदारानं अशी कडक सलामी दिली की म्हाताऱ्यांचेही डोळे भरले. मग पेढे वाटले. दुपारी बघते तो त्याचा पेढा आमच्या ओट्यावर, पानात बांधून ठेवलेला. स्वराज्याचा पेढासुद्धा त्याच्या गळ्याखाली उतरला नाही. मला रडू कोसळलं. मास्तर म्हणाले, "म्हातारीला खरं सांगून टाक म्हणावं." मी म्हटलं, "आणि म्हातारी?"

मी स्वतः त्याला काहीच सांगितलं नाही. काय सांगायचं तेच मला कळत नव्हतं. एका पारड्यात त्याचा जीव होता आणि दुसऱ्यात तिचा.

पुन्हा चतुर्दशी आली. ह्या खेपेला ठकूआईच्या अंगणात दोनचार भाऊबंदही होते. हवालदार पाटावर बसला तेव्हा पाटाची फळी मोठी वाटावी इतका तो आक्रसला होता. म्हातारीनं पाय धुतले. पान वाढलं. खिरीचा डाव हातात घेऊन ती म्हणाली, "पानाभवती पानी फिरव, लेका. आन् जेव."

त्यानं हात पुढं केला नाही. डोळे मिटले आणि अगदी हळू, रोजच्यासारखी सुरुवात केली. "डावं पाऊल. हजर. उजवं पाऊल. हजर." भाऊबंद एकमेकांकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, "लागीर झालंय का काय ह्याला?" मी चुलीपासून उठून दारात आले. काय होणार ते मला कळलं होतं. गुडघे, कंबर, पोट, छाती. "गळा," तो म्हणाला आणि थांबला. मग डोळे उघडून त्यानं म्हातारीकडं सरळ पाहिलं.

"आई, म्या बबनला पानी पाजलं न्हाई."

"काय म्हनतूस?"

"पाजलं न्हाई. त्यो पोटात गोळी लागून पडला हुता. मी झाडाआड हुतो, हाकंच्या अंतरावर. त्यो पानी मागत हुता."

एक भाऊबंद पुढं सरसावला. भला माणूस तो. "आरं पर गोळीबारात कोन जाईल बाबा? तुजा काय दोस?"

कोंडीरामानं त्याच्याकडं पाहिलं. तिथं वाट होती. ओढ्याकाठी त्यानं मला सांगितली होती तीच पळवाट, आता दुसऱ्या कुणीतरी त्याच्यापुढं उघडून धरलेली. त्यानं ती घेतली नाही.

"गोळीबार थांबला हुता," तो म्हणाला. "लई येळ थांबला हुता. जाता आलं आसतं. पाय उटलं न्हाईत माजं. बाटली कमरंला भरल्याली हुती, म्या ती मुठीत गच्च धरली हुती. त्यो हाका मारत हुता. मंग गप झाला. आन् त्यो गप झाल्यावर मला तहान लागली, आई. म्या त्ये पानी प्यालो. त्याचं पानी. सगळं प्यालो."

डावातली खीर जमिनीवर सांडत होती, म्हातारीला भान नव्हतं. मग ती वाकली, त्याच्या पुढ्यातलं पान दोन्ही हातांनी उचललं, अंगणाच्या कडेला जाऊन कावळ्यांपुढं अख्खं ठेवलं आणि परत आली.

"ऊट," ती म्हणाली. तिचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "माज्या लेकाच्या पाटावरनं ऊट."

तो उठला. ती आत गेली आणि दाराला कडी घातल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

माझ्यासोबत आलेले मास्तर त्याच्या मागं गेले. ओढ्यापाशी पोचताच तो गुडघ्यांवर बसला, वाकून तोंड पाण्याला लावलं आणि प्यायला लागला. ओंजळ नाही, काही नाही. मास्तर म्हणाले, तो पीत होता आणि रडत होता, श्वास घ्यायला डोकं वर काढायचा आणि पुन्हा खाली घालायचा. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून "गळा!" आलं आणि पाठोपाठ फाटक्या आवाजात "हजर." मी इकडं पदर तोंडात कोंबला.

तो वाचला. महिन्याभरात भाकरी खायला लागला, कोपरांवर मांस आलं. पण गावानं त्याला वाळीतच टाकलं म्हणा ना. कुणी म्हणे पळपुटा, कुणी म्हणे, पळपुटा तर पळपुटा, म्हातारीला कशाला मारलंस? खरं तर त्या दिवसांत मीही त्याच्यावर चिडले होते. शुक्रवारी ठकूआई बाजारात यायची ती आमच्या ओट्याकडं न बघता जायची. सहा महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली. मी हाक मारली तर "व्हय बाई" म्हणून पुढं. ताकाचं गाडगं नाही, शिव्या नाहीत. तिला बघितलं की मला वाटायचं, त्यानं स्वतःच्या गळ्यातलं काढून तिच्या गळ्यात घातलं. ह्यावर मी एकदा त्याला बोललेही. तो म्हणाला, "व्हय वैनी. पर तिचंच हुतं त्ये. म्या दाबून ठिवलं हुतं." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आज पटतं का? काही दिवस पटतं, काही दिवस नाही.

आणि तो तरी कुठं पुरता सुटला होता? सगळं अंग हजर झालं, पण मान ऐकेना. बोलता बोलता, चालता चालता ती मागं वळायची. कुणीतरी हाक मारल्यासारखी. मागं कुणी नसायचं. मी विचारायचे नाही. मला ठाऊक होतं कोण हाक मारतंय ते.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मास्तरांची बदली संगमनेरकडं झाली. निघायचा दिवस नेमका शुक्रवार. नगरला जाणारी सर्व्हिस मोटार रस्त्यावर बाजारापाशी थांबायची. सोबत करायला गावातून एकटा हवालदार आला होता, आमची ट्रंक खांद्यावर घेऊन. माझ्या कडेवर तेव्हा थोरली लेक होती, घोडेगावातच झालेली, ती त्याच्या मिशा ओढत होती. आम्ही बैलांच्या दावणींच्या कडेला उभे होतो.

गर्दीतून ठकूआई आली. मला वाटलं, माझा निरोप घ्यायला येतेय, म्हणून मी पुढं झाले. तिनं मला हातानं बाजूला केलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. तो ट्रंक खाली ठेवून ताठ उभा राहिला.

"येक इचारायचं ऱ्हायलं हुतं," ती म्हणाली. "त्यो हाका मारत हुता म्हनलास. कुनाला मारत हुता? मला का?"

मी मनातल्या मनात देवाचा धावा केला. हो म्हण रे बाबा. एवढं एक हो म्हण. कुणाचं काय जाणार आहे? आई आई करत गेला म्हण, म्हातारी त्यावर उरलेले दिवस काढील.

त्याच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली.

"न्हाई आई. मला. 'कोंडादा, कोंडादा' म्हनत हुता."

म्हातारीनं डोळे मिटले. मला वाटलं, ती आता कोसळते, म्हणून मी तिचा दंड धरला. पण ती उभी राहिली.

"आन् तू ओ दिली न्हाईस."

"न्हाई."

"अजून मारतोय का रं?"

त्यानं मान हलवली, होय म्हणून. तिनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं, मग पदरानं नाक पुसलं आणि जवळजवळ तिच्या जुन्या आवाजात खेकसली, "मंग दे की मुडद्या! किती येळ तिष्टत ठिवशील माज्या लेकराला?"

तेवढ्यात मोटार आली. क्लीनर ओरडायला लागला, मास्तरांनी ट्रंक टपावर चढवली, मला पोरीसकट आत ढकललं. मी खिडकीपाशी बसले आणि मान बाहेर काढली. कोंडीराम तसाच उभा होता. त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. मोटार सुरू झाली.

आणि मग त्यानं ओ दिली. पलटणीच्या मैदानावरचा तो आवाज मी दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकला होता, पण असा कधीच नाही. "ओ, बबन! ओ!" दावणीचे बैल बिचकून उभे राहिले, सौदे करणाऱ्यांनी माना वळवल्या. तो पूर्वेकडं तोंड करून पुन्हा पुन्हा ओ देत होता. ठकूआई त्याच्या शेजारी डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी होती आणि तो बघत होता त्याच बाजूला बघत होती.